मामंजींचा गुडघा

आमच्या कुटुंबात सगळ्यात जास्त मान कुणाला असेल, तर तो मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, उजव्या गुडघ्याला.

तरुणपणी एका घळीत अडकलेलं कोकरू काढायला ते उतरले आणि घसरले. कोकरू वाचलं, हाड मोडलं. पुढे हाड बसलं, पण जरा वाकडंच बसलं, आणि तेव्हापासून गुडघा बोलायला लागला. पाऊस यायचा असला की ठणकायचा, वारा फिरायचा असला की आतून टोचायचा, आणि थंडी वाढणार असली की मामंजी आदल्या संध्याकाळीच पाय पोटाशी घेऊन बसायचे. कळप कुठे न्यायचा, मुक्काम कधी हलवायचा, लोकर कधी कातरायची, सगळं गुडघ्याच्या सल्ल्याने. कुणी घाई केली की मामंजी हात वर करायचे. "थांबा रे, त्याचं म्हणणं अजून आलं नाही." जणू आत कुणी वडीलधारं माणूस बसलंय आणि ते अजून जागं व्हायचंय.

मी नवी सून होते तेव्हा मला हसू यायचं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदा दटावलं. "हसू नकोस. एवढी वर्षं संसार केला, माझं कधी ऐकलं नाही तेवढं त्याचं ऐकतात. पण चुकत नाही मेला, हेही खरं."

पावसाळा सोडला तर आमचं निजणं उघड्यावरच. दिवसा मेंढरं चारायची, रात्री कुणाच्या तरी रानात बसवायची. लेंड्यांचं खत मिळतं म्हणून शेतकरी बोलावून न्यायचे. कळपाभोवती जाळं बांधायचं आणि जाळ्याला लागून आमची अंथरुणं.

उघड्यावर निजणं शिकावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. माहेरी डोक्यावर छप्पर होतं. पहिल्या थंडीत मी होती नव्हती तेवढी पांघरुणं अंगावर ओढली आणि तरी रात्रभर दात वाजत राहिले. सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "वरून कोण येतंय तुला खायला? थंडी खालून चढते. खाली घाल."

मग त्यांनी मला अंथरूण करायला शिकवलं. दिवस मावळायच्या आधी निजायच्या जागेवरच जाळ करायचा, माणूस आडवा होईल एवढा लांब. स्वयंपाक त्याच्यावरच. जेवणं झाली की निखारे ओढून लांब न्यायचे, राख झाडायची, तापलेल्या जमिनीवर कोरडी माती पसरायची. एकही ठिणगी राहिली नाही ना, ते हात फिरवून बघायचं. मातीवर पेंढा, पेंढ्यावर जाड घोंगडं, आणि मग माणसं. अंगावर एक घोंगडं आणि पाठीशी मेंढरं. त्यांच्या लोकरीतून ऊब यायची आणि वासही यायचा. पहिल्या वर्षी वासाने झोप येईना. पुढे वासाशिवाय येईना.

मी सांगते आहे तो हिवाळा माझ्या मुलीचा पहिला. ती अजून रांगतही नव्हती. झोपताना माझ्या आणि आत्याबाईंच्या मध्ये असायची, आमच्या पलीकडे मामंजी, आणि वाऱ्याच्या बाजूला हे. नवऱ्याचं नाव आम्ही घेत नसू, त्यामुळे इथेही ते 'हे'च राहू देत.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मामंजी फार कण्हत. आत्याबाईंना बघवेना. त्यांनी जुन्या लोकरीतली मऊ लोकर निवडली, गरम पाण्यात साबण लावून चोळचोळ चोळली. अशी चोळली की लोकर आवळत जाते आणि तिचं जाड, घट्ट कापड होतं. ते दगडाखाली दाबून वाळवलं आणि त्याची नळीसारखी पिशवी शिवून मामंजींच्या गुडघ्यावर चढवली.

"हे काय घातलंस मला? गुडघ्याला टोपी?" मामंजी म्हणाले.

"असू दे. डोक्यात काही नाही म्हणून तिथे घातली."

मामंजींनी थोडी कुरकुर केली, पण टोपी काढली नाही. अंघोळीलाही काढायला तयार नसत. वरून धोतर, त्यामुळे आठ दिवसांत आम्ही सगळे ती टोपी विसरूनही गेलो. मामंजी रात्री घोरायला लागले, आत्याबाईंना झोप लागायला लागली, आणि सगळं ठीक चाललं.

"यंदा थंडी नावालाच आहे," मामंजी म्हणायचे.

आम्ही एकमेकांकडे बघायचो. पोरीचं नाक वाहत होतं. माझ्या टाचांना भेगा पडल्या होत्या. सकाळी हे दूध काढायला बसत तेव्हा बोटं वळत नसत. पण गुडघा म्हणतो नाही, तर नसेल. आपणच नाजूक झालो असू, असं मी मनाशी म्हणायचे.

आणि मग एके सकाळी, थंडीचे दिवस चांगले शिल्लक असताना, मामंजींनी कातरी बाहेर काढल्या.

"बाबा, अजून दव गोठतंय पहाटे," हे म्हणाले.

"गोठू दे. हा शेवटचा झटका. गुडघा महिनाभर गप्प आहे. आता ऊनच यायचं."

"आणखी थोडे दिवस थांबलो तर?"

"तुझा गुडघा दुखतोय का?"

"नाही."

"मग माझ्या गुडघ्याला शिकवू नकोस."

झालं. कातरणी सुरू झाली. हे मेंढी धरून आणायचे, आडवी पाडून पाय बांधायचे, मामंजी पोटाकडून कातर घालायचे. त्यांचा हात असा चालायचा की सगळी लोकर एका तुकड्यात सुटायची, अंगरखा उतरवल्यासारखी. मी आणि आत्याबाई ती झाडून, काटे वेचून गोणपाटाच्या पोत्यांत दाबून भरायचो. लोकरीच्या तेलाने हात मऊ व्हायचे. त्या दिवसांत माझ्या टाचांच्या भेगाही बुजल्या.

कळपाच्या पुढे चालणाऱ्या थोराड मेंढीला आम्ही मालकीण म्हणायचो. तिने यांना दोनदा पाडलं. तिसऱ्यांदा मामंजींनी तिला धरलं. "काय बाई, तुलाही माझं पटत नाही का?" मालकीण ओरडत राहिली. कातरून सोडल्यावर ती एवढीशी दिसायला लागली, पोट तेवढं मोठं. कळपातल्या बऱ्याच माद्या गाभण होत्या. त्या गुलाबी, उघड्या अंगाने एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या, ओळख पटत नसल्यासारख्या.

शेवटची मेंढी कातरून झाली त्याच संध्याकाळी वारा सुटला.

असा वारा मी त्याआधी पाहिला नव्हता. जाळ जमिनीला चिकटून आडवा पळायला लागला. निखारे ओढायच्या आधीच विझले, जमीन नीट तापलीच नाही. आम्ही पोरीला मधे घेतलं आणि पाठी मेंढरांना लावल्या, तर पाठीला ऊब लागेना. लोकर नव्हतीच. उलट त्यांची थरथर आमच्या पाठीत शिरत होती. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालत होती, बाहेरची आत घुसत होती, आतली गुदमरत होती. हे रात्रभर उठून त्यांना पांगवत राहिले. मामंजी उठून बसले होते. त्यांना आमच्याएवढी थंडी वाजत होती, ते दिसत होतं. पण ते अंधारात आपल्या गुडघ्याकडे बघत होते.

सकाळी हंड्यातल्या पाण्यावर बर्फाची पापडी होती. एक मेंढी उठलीच नाही. आणखी काही पाय दुमडून बसल्या होत्या, उठवलं की पुन्हा बसत.

हे मळेवाल्याकडे गेले. त्याच्याच रानात आमचा मुक्काम होता आणि त्याचा गोठा मोठा होता. मीही पोरीसाठी गरम पाणी मागायला बरोबर गेले. मळेवाला ओसरीवर उन्हात चहा पीत होता. यांनी विचारलं, गाभण मेंढ्या तेवढ्या रात्रीपुरत्या गोठ्यात बांधू का.

"माझ्या बैलांना जागा नाही," तो म्हणाला. मग त्याने रानाकडे नजर टाकली आणि त्याला हसू फुटलं. "अरे, आता भर थंडीत त्यांचे कपडे कुणी काढले?"

मळेवाल्याने आतल्या बाईला हाक मारली. "अगं, ये बघायला. मेंढपाळाची मेंढरं अंघोळीला निघालीत."

त्या बाईने मला पाणी मात्र दिलं, आणि वर न विचारता रिकाम्या गोणपाटांची चळतही दिली. परतताना यांचे कान लाल झाले होते. थंडीने की कशाने, मी विचारलं नाही.

आम्ही आलो तेव्हा आत्याबाई लोकरीचं एक पोतं उसवत बसल्या होत्या.

"हे काय करताय?" मी विचारलं. ही लोकर म्हणजे आमची वर्षाची कमाई. एकदा दाबून भरलेली लोकर उसवायची नसते.

"ज्यांची आहे त्यांना परत देते," आत्याबाई म्हणाल्या. "दाभण घे. ती गोणपाटं इकडे टाक."

त्यांनी गोणपाटाचा तुकडा पसरला, त्यावर हातभर लोकर अंथरली, वर दुसरा तुकडा टाकला आणि लोकर घसरू नये म्हणून लांब लांब टाके मारले. कडेला सुतळीचे बंद लावले. मेंढीच्या पाठीवर टाकून छातीशी आणि पोटाखाली बांधायचं. पहिलं त्यांनी मालकिणीला घातलं. ती आधी उधळली, मग थांबली, मग मान वळवून आपल्या पाठीचा वास घेत राहिली. वास ओळखीचा होता.

आम्ही दिवसभर शिवत होतो. आधी गाभण, मग म्हाताऱ्या, मग उरलेल्या. दाभणाने तळवे फुटले. पोर लोकरीच्या ढिगात खुशाल झोपली होती, त्या दिवसात सगळ्यात सुखी तीच. हे एका अंगाला काट्याकुट्यांचा आणि तुराट्यांचा उंच आडोसा बांधत होते, वारा येत होता त्या बाजूला.

मामंजी मात्र आमच्याकडे पाठ करून एका दगडावर बसले होते. मेलेली मेंढी त्यांनी एकट्याने पुरली होती. दुपारनंतर ते उठले आणि आपली काठी यांच्यापुढे धरली. कळपाच्या पुढे चालणारा माणूस ती काठी धरायचा. मी आल्यापासून ती दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिली नव्हती.

"घे," मामंजी म्हणाले. "आता तू बघ सगळं."

"बाबा, काहीतरीच काय."

"काहीतरी नाही. काल रात्रभर मी त्याला विचारत होतो. एवढा वारा, एवढी थंडी, आणि हा मुडद्यासारखा गप्प. तो गेला रे. तो गेला म्हणजे मला काय कळतं? मी एक म्हातारा, हातात कातर घेऊन फिरणारा. आज एक मेली. उद्या दहा मरतील. मी सांगेन ते आता कुणी ऐकू नका."

यांनी काठी घेतली नाही, नको म्हणालेही नाहीत. दोघे तसेच उभे राहिले, मधे काठी. ऊन पातळ व्हायला लागलं होतं आणि रात्रीचा प्रश्न तसाच होता.

आत्याबाईंचा हात टाक्यावर थांबला होता. त्या मामंजींच्या पायाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला. त्यांनी दाभण गोणपाटात खोचलं.

"इकडे या," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"या म्हणते ना. बसा. पाय पुढे करा. तो नाही हो, दुसरा."

"आता चोळून काय होणार आहे?"

आत्याबाईंनी धोतर वर सारलं आणि गुडघ्यावरची ती जाड टोपी दोन्ही हातांनी ओढून काढली. आतला गुडघा पांढराफटक, घामेजलेला होता. महिनाभर त्याने उजेड पाहिला नव्हता.

"बसा आता असेच. वाऱ्याकडे तोंड करून. म्हणजे गुडघ्याचं."

"वेड लागलं का तुला?"

"लागलं असेल. गप्प बसा."

मामंजी बसले. आम्ही सगळे त्या गुडघ्याकडे बघत उभे. मेंढरंही बघत होती, पण ती आमच्याकडे चारा आहे का ते बघत असावीत. वारा गोणपाटाच्या कडा फडफडवत होता. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मामंजींच्या कपाळावर एक आठी पडली. त्यांनी ओठ आवळले. मग श्वास आत ओढला.

"आई गं!"

"काय झालं?" हे पुढे धावले.

"आई आई आई गं!" मामंजींनी दोन्ही हातांनी गुडघा धरला. डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडभर हसू. "दुखतोय! अरे दुखतोय रे! असा दुखतोय की काय सांगू!"

आत्याबाई खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "मीच झाकला त्याला," त्या म्हणाल्या. "मीच मेलीने. एवढी ऊब दिली त्याला, तो कसा सांगणार बाहेर काय चाललंय ते? मला तुमचं कण्हणं बघवेना म्हणून..."

मला वाटलं आता मामंजी त्यांच्यावर ओरडणार. पण ते त्यांच्याकडे बघून लहान मुलासारखे म्हणाले, "म्हणजे तो खोटा नव्हता?"

"नव्हता हो. पांघरूण घेऊन झोपला होता."

आधी हे हसले. मग मी. आत्याबाई रडता रडता हसायला लागल्या आणि पोर आवाजाने जागी होऊन रडायला लागली. मामंजींनी मधेच हात वर केला.

"गप्प! त्याचं म्हणणं येतंय."

मामंजी डोळे मिटून गुडघा चाचपत होते, बाहेरच्या अंगाने, मग आतल्या. डोळे उघडले तेव्हा ते पुन्हा पूर्वीचे मामंजी होते.

"वारा फिरणार. आज रात्री नाल्याकडून येईल, आणि कालच्यापेक्षा जास्त येईल. हा आडोसा उपयोगाचा नाही. सगळा कळप हलवा. नाल्याच्या अलीकडे दरड आहे ना, तिच्या कुशीत घ्या."

यांनी दिवसभर खपून तो आडोसा बांधला होता. हातांवर काट्यांचे ओरखडे होते. त्यांनी आडोशाकडे एकदा पाहिलं, वाऱ्याकडे एकदा, आणि खाली पडलेली ती काठी उचलून मामंजींच्या हातात दिली.

"चला," ते म्हणाले.

दिवस मावळायच्या आत आम्ही कळप दरडीखाली नेला. तिथे माती भुसभुशीत होती. मामंजींच्या सांगण्यावरून आम्ही एक नाही, लांबच लांब जाळ केला, दरडीला समांतर. जमीन तापेपर्यंत मेंढरांना पाला घातला, रात्री त्यांची पोटं रिकामी राहू नयेत म्हणून. मग निखारे ओढले, माती पसरली आणि त्या उबेवर गाभण मेंढ्या बसवल्या, अंगावर गोणपाट बांधलेल्या. आमच्या वाट्याला जाळाचं एक टोक आलं. तेवढं पुरलं. आमची घोंगडीही आम्ही दोन म्हाताऱ्या मेंढ्यांवर टाकली आणि स्वतः लोकरीच्या उसवलेल्या पोत्यांत शिरलो, गळ्यापर्यंत. पोर माझ्या पोटाशी पोत्यातच. मी आयुष्यात गाद्यांवर झोपले, पण तशी ऊब पुन्हा नाही.

मामंजी पोत्यात शिरले, पण उजवा पाय बाहेर ठेवून. धोतर मांडीपर्यंत वर, गुडघा उघडा.

"आत घ्या तो," आत्याबाई म्हणाल्या.

"कुणीतरी बाहेर पाहिजे."

थोड्या वेळाने आत्याबाईंनी हळूच पोत्याचं टोक त्याच्यावर ओढलं. मामंजींनी ते काढलं. पुन्हा ओढलं, पुन्हा काढलं. दोघांचं हे चाललेलं ऐकत मला झोप लागली. मामंजी कण्हत होते. इतकं सुखाचं कण्हणं मी ऐकलं नव्हतं.

वारा खरंच फिरला. दरडीच्या वरून नाल्याकडून तो असा घोंगावत जात होता की वाटे आभाळ फाटतंय, पण खाली आमच्यापर्यंत पोचत नव्हता. उजाडलं तेव्हा मी आधी मेंढरांकडे बघितलं. सगळी गोणपाटं हलत होती. मालकीण उठून उभी होती आणि शेजारणीच्या अंगरख्याचा बंद चावत होती. हे प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत कळपातून फिरले आणि माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. सगळ्या होत्या. मग ते वर रानात गेले आणि हसत परत आले. त्यांनी बांधलेला आडोसा मुळासकट उडून मळेवाल्याच्या विहिरीवर जाऊन पडला होता.

आणखी काही रात्री आम्ही तशाच काढल्या. मग एका सकाळी मामंजी बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवून बसले आणि म्हणाले, "ढिला झाला." त्यांच्या गुडघ्यावर काहीही नव्हतं, म्हणून आम्ही विश्वास ठेवला. दुपारी ऊन चांगलंच चढलं.

मुक्काम हलवला तो दिवस मला चित्रासारखा आठवतो. मळेवाल्याच्या दारावरूनच वाट होती. पुढे मामंजी, एका पायाचं धोतर वर खोचलेलं, हातात काठी. त्यांच्या मागे मालकीण, गोणपाटाचा अंगरखा घालून, आणि तिच्या मागे अख्खा कळप तसाच. अंगरखे उन्हातही काढू नका, अंगावर लोकर फुटेपर्यंत राहू देत, असा गुडघ्याचा हुकूम होता. मळेवाला ओसरीवरून उठून कुंपणापाशी आला. त्याची बाई आमच्याकडे बघून हसत होती. मळेवाल्यालाही हसायचं होतं, पण त्याचा हात विहिरीतून काट्या उपसून सोलपटला होता.

बाजाराच्या गावी लोकरवाला वाट बघत होता. त्याने आमच्या रिकाम्या पाठींकडे पाहिलं.

"लोकर कुठाय?"

"मेंढरांच्या अंगावर," मामंजी म्हणाले.

"कातरली म्हणून निरोप होता की."

"कातरली. परत घातली."

लोकरवाल्याने यांच्याकडे बघितलं, म्हातारा बरा आहे ना, अशा नजरेने. यांनी अगदी गंभीर तोंड केलं. "उन्हाळ्यात देतो," ते म्हणाले. "थोडी वापरलेली असेल."

उन्हाळ्यात अंगरखे उसवून आम्ही ती लोकर दिली. लोकरवाल्याने नाक मुरडलं, पण घेतली. गाभण माद्या सगळ्या सुखरूप व्याल्या. मालकिणीला जुळी झाली.

गुडघ्याची ती टोपी आत्याबाईंनी फेकून द्यायला घेतली होती. मामंजींनी हातातून काढून घेतली. तिचं एक तोंड शिवून बंद करायला लावलं आणि माझ्या मुलीच्या डोक्यावर घातली. अगदी बरोबर बसली. "हिच्या डोक्याला काही सांगायचं नसतं अजून," ते म्हणाले. "ही झोपू दे."

आता मी मुलीकडेच असते. पक्क्या भिंती, खिडक्यांना काचा. माझाही गुडघा दुखतो, उजवाच. नातीने बाजारातून पट्टा आणून दिलाय, आत लोकर असलेला. तिला वाईट वाटू नये म्हणून मी तो दिवसभर घालते. रात्री दिवा मालवला की काढून उशाखाली ठेवते आणि एक पाय पांघरुणाबाहेर सोडते. काल बराच वेळ ठणकला. मी सकाळी नातीला सांगितलं, आज स्वेटर घालून जा. ती आभाळाकडे बघून हसली, नको म्हणाली, पण दारातून परत आली आणि घालून गेली.